किनुयो-सानची शिकवणी

"आईला काही कळतं का?" हिरोआकी-साननी डॉक्टरांना विचारलं, आणि माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

मी उशाशी स्टुलावर बसून त्यांच्या आईला, किनुयो-सानना, भोपळ्याची पातळ लापशी भरवत होते. भरवत होते म्हणजे विनवण्या करत होते. किनुयो-सान ओठ मिटून खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत होत्या. पलंगाच्या पायथ्याशी डॉक्टर, त्यांच्या शेजारी आमच्या हेड नर्स तोयामा-सान, आणि पलीकडे किनुयो-सानचे एकुलते एक चिरंजीव, हिरोआकी-सान. स्वतःच साठीला टेकलेले. गावात त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि नखांतलं चेनचं ग्रीस काही केल्या निघायचं नाही.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मेंदूतल्या दुसऱ्या झटक्यानंतर काही कळत असण्याची शक्यता नाही, असं त्यांनी सांगितलं. डोळे उघडे असतात, डाव्या हाताची बोटं हलतात, पण त्यावर जाऊ नका. मग ते मुद्द्यावर आले. किनुयो-सानचं गिळणं संपत आलं होतं. घास श्वासनलिकेत जात होता आणि त्यापायी मागच्या महिन्यात न्यूमोनिया होऊन गेला होता. आता पोटाला छोटं भोक पाडून थेट आत नळी बसवायची की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं होतं. नळी बसवली तर आणखी काही वर्षं निघतील. नाही बसवली तर काही आठवडे.

"तिला कळत असेल," हिरोआकी-सान म्हणाले, "अगदी एवढंसं जरी कळत असेल, तर मी नळी बसवीन. मग ती माझी आई आहे. तिला उपाशी ठेवून मी घरी जाऊन जेवू कसा? पण काहीच कळत नसेल, तर भोकं पाडून तिला कशाला छळू?"

रविवारपर्यंत सांगा, असं म्हणून डॉक्टर पुढच्या खोलीत गेले. हे सगळं बोलणं किनुयो-सानच्या अंगावरून, पलंगाच्या या बाजूकडून त्या बाजूकडे चाललं होतं. आपल्याकडे पाळण्यातल्या पोराच्या डोक्यावरून मोठी माणसं बोलतात, तसंच. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

जपानमधला तो माझा पहिला हिवाळा. आता मी मिरजेत, तिकडे निघालेल्या मुलींना जपानी शिकवते आणि माझं जपानी ऐकून लोक कौतुक करतात. तेव्हा कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. मी जयसिंगपूरच्या मगदुमांची रेवती. नर्सिंगचं शिकलेली, पुण्यात भाषेचा कोर्स करून निगाताकडच्या एका लहान गावात, वृद्धनिवासात मदतनीस म्हणून लागलेली. म्हाताऱ्या माणसांना उठवणं, न्हाऊ घालणं, त्यांची अंथरुणं बदलणं यात माझा हात कोणी धरला नसता. माझं घोडं अडायचं ते एका टीचभर अक्षरापाशी.

जपानीत एक छोटा 'त्सु' असतो. बाकीच्या अक्षरांमध्ये, त्यांच्या निम्म्या उंचीचा. तो लिहायचा, पण उच्चारायचा नाही. तो दिसला की पुढच्या अक्षरासाठी तोंड तयार करायचं, श्वास अडवायचा, एका अक्षराएवढा वेळ गप्प राहायचं आणि मगच पुढचं अक्षर सोडायचं. 'किते' म्हणजे 'या', आणि मध्ये हा थांबा घेतला की 'कित्ते', म्हणजे पोस्टाचं तिकीट. पुण्याच्या वर्गात पहिल्या दिवशी हे ऐकून आम्ही सगळ्या हसलो होतो. मराठी माणसाला जोडाक्षरं कोण शिकवणार? पक्का, सत्ता, गप्पा, चिठ्ठी, सगळं जन्मापासून जिभेवर. आणि नेमक्या तिथेच आम्ही तोंडावर आपटलो. आपण जोडाक्षराला एक दणका देतो आणि पुढे पळतो. थांबत नाही. आमच्या सेन्सेई, म्हणजे बाई, कपाळाला हात लावायच्या. "मगदूम, तुम्ही दार आपटताय," त्या म्हणायच्या. "मी दार धरून उभं राहायला सांगतेय."

निगाताला आल्यावर दार आपटणं महागात पडलं. तिथे रोज सकाळी पाळी बदलताना, आधीच्या पाळीतली बाई सगळ्यांसमोर उभी राहून एकेका म्हाताऱ्याची हकिकत वाचून दाखवायची. ताप किती, जेवण किती, काय बिघडलं, काय सुधारलं. ते काम मला देत नव्हते. टेलिफोनही उचलू देत नव्हते. नातेवाइकांना तुझं बोलणं एका दमात कळेल तेव्हा बघू, असं तोयामा-साननी स्वच्छ सांगितलं होतं. बाई वाईट नव्हत्या, पण बोलताना शब्दाला साखर लावत नसत. मी ते मनाला लावून घेतलं आणि निवासाच्या कपाटातून पहिलीच्या मुलांचं एक वाचनाचं पुस्तक काढलं.

रोज दुपारी, चहाची गाडी फिरायच्या आधी, मी ते पुस्तक घेऊन किनुयो-सानच्या पलंगाशी बसू लागले. किनुयो-सानच का, तर त्यांच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं आणि त्यांना काही कळत नव्हतं. कितीही चुका केल्या तरी लाज वाटायचं कारण नाही. वाचून झालं की मी त्यांच्याशी मराठीत गप्पा मारायचे. साऱ्या जपानात मराठी बोलायला मला तेवढी एकच जागा होती. "काय ओ आज्जी, किती छळतासा? एवढा एक घास घ्या की," असं म्हणून मी चमचा पुढे करायचे. निघताना "आज्जी, मी जातो, उद्या येतो" म्हणायचे. आमच्या कोल्हापूर भागातल्या बायका 'जातो-येतो'च म्हणतात. पुण्यात मुली त्यावरून मला चिडवायच्या. किनुयो-साननी कधी चिडवलं नाही.

डॉक्टर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पुस्तकातली छोटी मुलगी मैत्रिणीबरोबर शाळेला निघाली होती. शाळेला जपानीत 'गाक्को' म्हणतात, मध्ये छोटा त्सु. मी वाचलं आणि पुढे गेले, आणि टक् असा आवाज झाला.

किनुयो-सानचा डावा हात नेहमी पलंगाच्या कठड्यावर असायचा. उजवा लुळा पडला होता. त्या डाव्या हाताचं पहिलं बोट कठड्यावर आपटलं होतं. बोटं हलतात हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे मी मान वर केली नाही. 'किप्पु' म्हणजे बसचं तिकीट, त्यातही छोटा त्सु. टक्. 'इश्शो' म्हणजे बरोबर. टक्. मग दोन ओळी अशा आल्या की त्यांत छोटा त्सु नव्हताच. त्या दोन ओळींत बोट जागचं हललं नाही.

मी वाचायची थांबले. पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. या वेळी 'गाक्को'शी आले तेव्हा सेन्सेईंनी सांगितलं होतं तसा श्वास अडवून थांबले आणि मग पुढचं अक्षर सोडलं. बोट हललं नाही. तोच शब्द मी मुद्दाम घाईत खाऊन म्हटला. टक्. पुन्हा नीट म्हटला. काही नाही. पुन्हा चुकवला. टक्. मग मी एक लबाडी केली. जिथे छोटा त्सु नाही अशा एका साध्या शब्दात उगाचच थांबले. टक्, टक्. दोनदा, जोरात, आणि किनुयो-साननी खिडकीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. एखादी बाई वर्गातल्या आगाऊ पोरीकडे बघते तशी ती नजर होती.

पुस्तक मांडीवरून घसरून खाली पडलं तरी मला उचलायचं सुचेना. या बाईंना सगळं कळत होतं. म्हणजे पहिल्यापासून कळत होतं. त्यांना कुशीवर वळवताना आम्ही त्यांच्या वासाबद्दल काय काय बोललो होतो. बघणारं कोण आहे म्हणून त्यांचे केस कसे कापले होते. दोन मदतनीस बायका त्यांच्या उशाशी उभ्या राहून स्वतःच्या नवऱ्यांची कसली कसली उणीदुणी काढायच्या. आणि मी रोज त्यांच्या कानाशी बसून त्यांच्या भाषेची चिंधी चिंधी करत होते. सगळं त्यांनी पडल्या पडल्या ऐकलं होतं. लाजेनं माझे कान तापले. पण लाजेपेक्षा मोठी गोष्ट पुढच्या क्षणी लक्षात आली आणि मी उठून धावतच सुटले. किनुयो-सानना कळतं हे आत्ताच्या आत्ता हिरोआकी-सानना सांगायला हवं होतं. त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं, एवढंसं जरी कळत असेल तर नळी बसवीन. किनुयो-सान जगणार होत्या.

तोयामा-साननी माझी तुटकी वाक्यं शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाल्या की या कामात आल्यावर पहिल्या वर्षी प्रत्येकीला असं काहीतरी दिसतं, त्यांनाही दिसलं होतं. तरी त्या माझ्याबरोबर खोलीत आल्या. तोवर किनुयो-सान डोळे मिटून झोपल्या होत्या. तोयामा-साननी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाल्या, "पटो न पटो, घरच्यांपासून लपवायचं नाही. मी मुलाला फोन करते."

दुसऱ्या दिवशी हिरोआकी-सान दुकान बंद ठेवून आले. अंगात दुकानातला ॲप्रन तसाच होता. त्यांनी मला एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. कुठला शब्द, कुठलं बोट, आवाज कसा आला. मी कठड्यावर नख आपटून दाखवलं तसे ते खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हळूहळू सांगू लागले.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, लग्नाआधीपासून निवृत्तीपर्यंत. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांचे आवाज जोडून द्यायचे. चुकीचा शब्द तिला सहनच व्हायचा नाही. जेवताना हिरोआकीनं शब्द खाल्ला की ती हातातली जेवायची काडी टेबलावर आपटायची. बोलायची नाही, रागवायची नाही. फक्त टक्. शब्द नीट म्हटल्याशिवाय पुढचा घास नाही.

"हे मी इथे कोणालाच सांगितलं नव्हतं," ते तोयामा-सानना म्हणाले. "या मुलीला कसं माहीत असणार?"

तोयामा-सानच्या चेहऱ्यावरचा संशय तेव्हा पहिल्यांदा ढळला. आम्ही तिघं खोलीत गेलो. किनुयो-सान जाग्या होत्या. हिरोआकी-सान गुडघ्यांवर बसले, त्यांचं तोंड आईच्या तोंडाजवळ आलं, आणि हा साठीचा माणूस लहान मुलाच्या आवाजात बोलू लागला.

"आई, ऐकतेस ना? मला ठाऊकच होतं. आता काळजी करू नकोस. मी नळी बसवतो. आजच डॉक्टरांना सांगतो. अजून कितीतरी वर्षं आहेस तू."

किनुयो-सान खिडकीकडे बघत होत्या. बाहेर बर्फ थांबून ऊन पडलं होतं आणि पागोळ्या टपकत होत्या.

"एकदाच बघू दे," हिरोआकी-सान माझ्याकडे वळून म्हणाले. "मग जातो डॉक्टरांकडे."

मी पुस्तक उघडलं. तोच धडा, तीच मुलगी. मी स्टुलावर नेहमीच्या जागी, खिडकीच्या बाजूला होते. ते दोघं पलीकडे. मी 'गाक्को' हा शब्द पार चिरडून म्हटला आणि थांबले. हिरोआकी-सान आईच्या बोटाकडे टक लावून बघत होते. बोट हललं नाही. जरा अवकाश द्यावा म्हणून मी पुढे वाचलं. 'किप्पु' चुकवला. 'इश्शो' चुकवला. काही नाही. मी उलटी पानं चाळून, सगळ्यात जास्त छोटे त्सु असलेला धडा काढला आणि एकेका शब्दाचा मुडदा पाडत गेले. पुण्यातल्या सेन्सेईंनी ऐकलं असतं तर मला वर्गातून हाकललं असतं. खोलीत फक्त माझा वेडावाकडा आवाज आणि पागोळ्यांचा आवाज होता.

"दमली असेल," हिरोआकी-सान म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं.

ते स्वतः वाचू लागले. पहिलीचं पुस्तक, मोठाली अक्षरं. सुरुवातीला ते नीट वाचत होते. मग त्यांनी शब्द खायला सुरुवात केली. मुद्दाम, जेवताना खायचे तसे. एक शब्द खायचा आणि आईकडे बघायचं. दुसरा खायचा आणि आईकडे बघायचं. वाचता वाचता त्यांचा आवाज बसत गेला. मला ते बघवेना, म्हणून मी नजर खाली वळवली, आणि तेव्हा मला किनुयो-सानचा हात दिसला.

हात आता कठड्यावर नव्हता. कठड्याच्या आतल्या बाजूला, पांघरुणाच्या काठाशी, माझ्या बाजूला होता. पहिलं बोट त्यांनी मुठीत आत घेतलं होतं आणि बाकीची तीन बोटं आणि अंगठा त्यावर आवळून धरला होता. इतका घट्ट की सांधे पांढरे पडले होते आणि मूठ थरथरत होती. हिरोआकी-साननी शब्द खाल्ला की मुठीला आतून एक हिसका बसायचा. त्या बोट धरून ठेवत होत्या.

डॉक्टर पायथ्याशी उभं राहून जे बोलले, मुलगा त्यावर जे बोलला, आणि आत्ता गुडघ्यावर बसून त्यानं आनंदानं जे सांगितलं, त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांआधी त्यांना समजला होता. कळतंय असं दिसलं तर नळी. कळत नाही असं दिसलं तर सुटका. आदल्या दिवशी माझे चुकलेले शब्द ऐकून तेवढं त्यांना राहवलं नव्हतं. रोज मी चिमणीचा घास, काऊचा घास करत चमचा पुढे न्यायचे आणि त्या ओठ मिटून घ्यायच्या. कागदावर आम्ही लिहायचो, जेवणावर वासना नाही. त्या बाई इतके दिवस आम्हाला नको म्हणून सांगत होत्या आणि ऐकायला कान असलेली एकही व्यक्ती त्या इमारतीत नव्हती.

तोयामा-साननी हिरोआकी-सानच्या खांद्यावर हात ठेवला. हिरोआकी-साननी पुस्तक मिटून हळूच पलंगावर ठेवलं, मला मान लववली आणि तोंड धुवायला म्हणून बाहेर गेले. तोयामा-सानही त्यांच्यामागे गेल्या.

आम्ही दोघी उरलो. किनुयो-साननी मूठ सोडली. बोटांवर नखांचे लाल वळ उठले होते. मी त्यांचा हात हातात घेऊन चोळू लागले, काहीतरी करायला हवं म्हणून. मला राग येत होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. काल मी धावत सुटले नसते तर हे झालंच नसतं. आणि माझ्या एकटीच्या मनात आणखी एक होतं, ते सांगायलाच हवं. मला त्या हव्या होत्या. त्या मुलुखात माझ्या चुका आपुलकीनं मोजणारं दुसरं कोणी नव्हतं.

"हिरोआकी-सान येऊन विचारतील," मी जपानीत म्हणाले. "मी काय सांगू?"

किनुयो-साननी माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. मग हात माझ्या हातातून काढून घेतला. पांघरुणावर पुस्तक होतं, हात चोळायच्या आधी मी ते नकळत परत उघडलं होतं. त्यांनी एका बोटानं वरचा पुठ्ठा ढकलला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा पुठ्ठा पडला. मिटलेल्या पुस्तकावर त्यांनी तळहात ठेवला आणि तो तसाच दाबून धरला. नजर माझ्यावरून हलली नाही.

आमच्या गल्लीत चंपाक्का उपाध्ये म्हणून होत्या. मी सातवीत असताना त्यांनी सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारायचं जैनांचं व्रत. घरच्यांना जवळ बोलावलं, सगळ्यांची क्षमा मागितली, मुनीमहाराजांची परवानगी घेतली आणि एकेक अन्न सोडत गेल्या. आम्ही पोरं दारातून पाया पडून यायचो. सून रडायची, पण चंपाक्कांनी तोंडानं सांगितलेलं होतं, त्यामुळे तिला त्यांच्यापुढे ताट नेता येत नव्हतं. किनुयो-सानना तोंडानं सांगता येत नव्हतं. आणि एका हाताच्या एका बोटानं सांगायला गेल्या असत्या, तर त्या सांगण्यानंच नळी बसली असती.

"आज्जी," मी मराठीत म्हणाले, "तुमचा लेक लई रडंल ओ."

त्यांचे डोळे भरून आले. मराठी कळलं की माझा आवाज कळला, मला माहीत नाही. तळहात पुस्तकावरून उचलला नाही.

बाहेर पावलं वाजली. किनुयो-साननी मान खिडकीकडे वळवली. हिरोआकी-सान ॲप्रन काढून, कोट घालून आले होते. चेहरा ओला होता. ते पलंगाला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि अगदी हळू बोलले.

"मगदुमु-सान, एकच विचारतो. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं का? तुम्ही हो म्हणालात, तर आज काही दिसलं नाही तरी माझा तुमच्यावर विश्वास आहे. मी नळी बसवीन."

त्यांच्या पाठीमागे किनुयो-सान होत्या. मला त्यांचे पांढरे, आम्ही आडवेतिडवे कापलेले केस दिसत होते. मुलाला आई हवी होती आणि ती एका शब्दाच्या अंतरावर होती. तो शब्द माझ्या जिभेवर होता आणि खरा होता.

"माचिगात्ते इमाशिता," मी म्हणाले. माझी चूक झाली होती.

त्या वाक्यात मधोमध छोटा त्सु येतो. तिथे माझा श्वास अडकला तो सुटेचना. तोंड पुढच्या अक्षरासाठी तयार होतं आणि अक्षर बाहेर येत नव्हतं. हिरोआकी-सान माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत उभे राहिले. मग ते आलं, आणि वाक्य पुरं झालं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग ते माझ्यापुढे कमरेतून खोल वाकले. आईजवळ रोज बसल्याबद्दल, तिच्यासाठी इतकी आशा धरल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले. मला त्यांच्याकडे बघणं शक्य नव्हतं. दाराशी जाऊन ते थांबले.

"तुमचा उच्चार किती स्वच्छ झालाय," ते म्हणाले. "आईला ऐकायला आवडलं असतं."